हत्तीचा चौथा पाय

४ फेब्रुवारी, सकाळ

चष्मा फ्रीजवर आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण ही रोजनिशी ऐकणारी बाई जगात एकच, ती म्हणजे मी, आणि तिला काल संध्याकाळी ठेवलेली वस्तू आज सकाळी सापडत नाही. तर बाई गं, चष्मा फ्रीजवर. किल्ली साखरेच्या बरणीमागे. आणि परवा दूध उतू गेलं ते गॅस बिघडला म्हणून नाही, तू खिडकीत उभी होतीस म्हणून. तेही विसरली असशील.

रोजनिशीची सोय नातीने करून दिली. मला अक्षर येत नाही. कधी शिकलेच नाही, आणि त्यावाचून आजवर काही अडलं नाही. फोनवर माइकचं चित्र आहे. ते दाबून बोलायचं की फोन आपला लिहून घेतो, वर तारीखही टाकतो. कानाचं चित्र दाबलं की आतली बाई सगळं परत वाचून दाखवते, भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात. आणि बाणाचं चित्र दाबलं की लिहिलेलं थेट नातीकडे जातं. ते दाबायचं नाही. मी ते चित्र रोज नीट बघून ठेवते, म्हणजे चुकून दाबलं जायला नको.

नात म्हणाली, आजी, दिवसभर एकटी असतेस, मनातलं बोलत जा. मी म्हटलं, एकटं असायला मला वेळ कुठे आहे? पण पोरीचं मन मोडायचं नाही म्हणून बोलतेय.

संकल्प: रोज चालायला जायचं. गोड कमी. संध्याकाळी फोनची वाट बघत बसायचं नाही. तशी मी बघत नाहीच, पण संकल्प केलेला असावा.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

चालायला गेले नाही. गुडघा. त्याऐवजी केंद्रात जिने चढले, ते चालण्यातच धरते.

केंद्र म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा हॉल. तिथे आम्ही बायका लोकरीची जनावरं विणतो. अस्वलं, घोडे, ससे. आत कापूस भरायचा, डोळे शिवायचे, आणि मग ती दुकानांत जातात, पोरं त्यांचे कान चावतात. ताई केंद्र चालवते. वयाने माझ्या सुनेएवढी, पण बोलणं सुनेपेक्षा गोड.

आज ताईने माझे ससे परत केले. म्हणाली, आजी, हे उभे राहत नाहीत, पाय लहानमोठे आहेत. मी म्हटलं, ससा कधी उभा राहिलेला पाहिलास का? ती हसली. पटलं तिला.

आणि लगेच मला मोठं काम दिलं, त्यावरून काय ते समजावं. खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानाला हत्ती हवेत. चार पायांवर नीट उभा राहणारा हत्ती, पोर टेकलं तरी न पडणारा. आधी एक नमुना करायचा, तो बघून बाकीच्या बायका विणणार. नमुना माझ्याकडे. महिनाअखेरीला दाखवायचा.

उभा राहिला तर खिडकीजवळची नमुन्याची खुर्ची माझी ती माझीच. नाही राहिला तर नमुना मोजपट्टीकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईकडे जाईल आणि मी कापसाच्या टेबलावर. हे ताईने इतक्या हळू सांगितलं की मी काही ते मनाला लावून घेतलं नाही. कापसाच्या टेबलावर ज्यांना सुई झेपत नाही त्या बसतात. घरी जाताना त्यांच्या भुवया पांढऱ्या असतात.

६ फेब्रुवारी

हत्ती सुरू. करडी लोकर, जाड. गुंडा हातात घेतला की मांजर उचलल्यासारखं वाटतं.

अंग मी वितीने मोजते, डोकं मुठीने, सोंड कोपरापर्यंत. पाय मात्र बोलण्यावर मोजते. हे विसरशील म्हणून सविस्तर सांगते.

केंद्रात प्रत्येक जनावराचा एक कागद असतो. त्यावर चौकोनच चौकोन आणि आकडे. बाकीच्या तो बघून विणतात. मला तो कागद खिडकीच्या जाळीसारखा दिसतो. पण नात शाळेत जायला लागली तेव्हापासून माझ्याकडेच राहायची. शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्यासमोर बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. कोण कुणाशी कट्टी, कुणाचा डबा सांडला. मी विणत असायचे. तिचं सांगून व्हायचं आणि माझा पाय व्हायचा, एकदमच. घोडा असो, अस्वल असो, कधी चुकलं नाही. पुढे ती नोकरीला दुसऱ्या गावी गेली, मग तेच संध्याकाळच्या फोनवर. फोन स्पीकरवर टाकायचा, सुया हातात घ्यायच्या. ती 'चल आजी' म्हणाली की टाके बंद करायचे.

शिंप्याकडे टेप असते, माझ्याकडे पोरगी आहे. टेप वापरून वापरून ताणली जाते. पोरगी आहे तशी आहे.

मुलगा आणि सूनही फोन करतात, रविवारी. औषध घेतलं का, गॅस बंद केला का. त्यात शेपूटसुद्धा होत नाही.

११ फेब्रुवारी, रात्री जेवणानंतर

पहिला पाय झाला. असा पाय केंद्रात कुणी विणलेला नसेल.

नात आज खूप बोलली. तिच्याबरोबर राहणारी मुलगी हिचं चीज खाते आणि रिकामा डबा परत फ्रीजमध्ये ठेवते. नवे बूट चावतात. साहेब सगळ्यांसमोर बोलला. तिथे ती जरा थांबली, नाक ओढलं. मी विचारलं नाही, ती लहानपणापासून विचारलं की गप्प होते. मी विणत राहिले. तेवढे टाके घट्ट पडले, आणि पायाला बरोबर तिथे गुडघा आला. मुद्दाम करायला गेलं तर जमणार नाही.

पोरीला माझ्यावाचून करमत नाही, हे खरं. मला काळजी वाटते. एवढ्या मोठ्या गावात हिला बोलायला दुसरं कुणी नाही, रोज संध्याकाळी म्हाताऱ्या आजीवर अवलंबून. भेटली की सांगणार आहे, चार माणसं जोड.

गोड कमी. एक बिस्कीट मोजत नाही.

१३ फेब्रुवारी

दुसरा पाय सुरू केला आणि ती म्हणाली, आजी, मीटिंग आहे गं, ठेवते. अर्ध्यावर.

हल्ली नेटवर्क फार खराब.

१४ फेब्रुवारी

काल राहिलेला पाय आज पुढे विणला. आजही तिला घाई होती. कुठेतरी जेवायला चालले होते सगळे. सगळे म्हणजे कोण, ते विचारायच्या आत फोन बंद. तिच्या ऑफिसाचं तिच्याशिवाय पान हलत नाही असं दिसतं, जेवायलासुद्धा हिलाच नेतात.

पाय थोडा आखूड आहे. शिवाय जिथे जोडला तिथे एक आणि नेहमीचा एक, असे त्याला दोन गुडघे झालेत. हत्ती चपळ होईल.

१५ फेब्रुवारी

मोजपट्टीबद्दल. नाव मीच ठेवलं, तोंडावर कधी म्हटलं नाही, पण तिला माहीत असावं. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसते. गळ्यात सतत मोजायची टेप, जेवतानाही काढत नाही. नवरा गेल्यापासून एकटीच असते, पण तोंडावरून ओळखू येत नाही. असल्या बायकांचं मला कळत नाही, आतून काय वाटतं ते दाखवायचंच नाही म्हणजे काय.

आज माझ्या हत्तीचे दोन पाय तिने शेजारी शेजारी धरले. बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, काकू, गुरुवारी फोन लवकर बंद झाला वाटतं.

मी म्हटलं, सुई सटकली.

तिने गळ्यातली टेप काढून माझ्यापुढे ठेवली. खुणेसाठी तिच्यावर लाल दोरा बांधलेला होता. "काकू, ही वापरा. फोन येवो न येवो, हिच्यावर पाय येतो."

मी टेप परत सरकवली. माझं काम बघून जळते, दुसरं काय.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

बेल वाजली. मला वाटलं... काही वाटलं नाही. दार उघडलं तर हेल्मेट घातलेला पार्सलवाला. तुमच्या नातीने जेवण पाठवलंय म्हणाला. मग फोनमधल्या बाईने नातीचा निरोप वाचून दाखवला: आजी आज खूप उशीर होईल फोन जमणार नाही गरम गरम खाऊन घे. सगळं एका दमात, एका सुरात. 'गरम गरम' सुद्धा गार वाटलं तिच्या तोंडून.

पार्सलवाल्याला म्हटलं, ये, बैस, पाणी घे. त्याला पुढची ऑर्डर होती. जिन्यावरून ओरडला, आजी, रेटिंग द्या. मी म्हटलं देईन. ते काय असतं ते उद्या विचारायला हवं कुणाला तरी.

सूप, दोन पाव आणि एक भाजी. चव चांगली होती. जेवण बोलत नाही, एवढाच त्याच्यात दोष.

तिसऱ्या पायाचे टाके सुईवर घातलेत. घाई नाही.

१९ फेब्रुवारी

पार्सल. वेगळा पार्सलवाला. हा हसरा होता, पण त्यालाही पुढची ऑर्डर.

२० फेब्रुवारी

पार्सल. डबे मात्र छान असतात, झाकणाचे. लोकर ठेवायला झाले. पोरीने किती विचार करून पाठवलंय.

२१ फेब्रुवारी

हत्ती दोन पायांवर अडला आहे. वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, बोलणं म्हणजे बोलणं, ते नातीचंच असलं पाहिजे असं कुठे आहे?

खालच्या मजल्यावर रिटायर्ड शिक्षिका राहते. लोकर घेऊन गेले. म्हटलं, बाई, तुमचं बोलणं ऐकायला आले. बिचारीचे डोळे भरून आले. मग ती बोलली. नोकरी, बदल्या, मुख्याध्यापक, मुख्याध्यापकांचा भाऊ, भावाचं ऑपरेशन, ऑपरेशन केलं त्या डॉक्टरची बायको. मी विणतेय, विणतेय, पाय मांडीवरून जमिनीवर गेला, जमिनीवरून दाराकडे निघाला, तरी मुख्याध्यापकांच्या भावाला घरी सोडलं नव्हतं. शेवटी मीच टाके बंद केले आणि गॅसवर दूध आहे असं सांगून उठले.

घरी येऊन गळ्याभोवती गुंडाळला. मफलर म्हणून उत्तम आहे. पण हत्तीला असा पाय दिला तर त्याला शिडीच लागेल. रात्री उसवला. उसवलेली लोकर कुरळी होते, लवकर सरळ होत नाही.

शिक्षिका म्हणाली उद्या पण या. या बाईला कुणीतरी बोलायला हवं. फार एकटी पडली आहे.

२२ फेब्रुवारी, दुपार

युक्ती सापडली.

बँकेची हेल्पलाइन. नंबर नातीनेच फोनमध्ये बँकेच्या चित्राखाली घालून ठेवलाय. लावला. एक बाई अगदी प्रेमाने म्हणाली, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया लाइनवर राहा. मी म्हटलं, राहते बाई, तू सांगत राहा. आणि ती सांगत राहिली! न थकता, न चिडता. मीटिंग नाही, पुढची ऑर्डर नाही. मध्ये मध्ये संगीत लागायचं, तिथे टाके जरा सैल पडले, पण तेवढं चालायचंच.

तिसरा पाय पूर्ण. संगीताच्या जागी थोडा फुगतो. शेवटी एक माणूस लाइनवर आला आणि विचारू लागला, काय मदत करू. म्हटलं, झाला माझा पाय, तुमचे उपकार. त्याने पायाला काय झालं म्हणून चौकशी केली. दवाखाना जवळ आहे का, घरी कुणी आहे का. बराच वेळ चौकशी करत होता. भला माणूस. घरी सगळे आहेत असं सांगितलं.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ

आज दिवसभर फोन मांडीवर होता. लोकर उडून जाऊ नये म्हणून वजन ठेवावं लागतं. केंद्रात पंखा फार जोरात फिरतो.

घरी आले. चौथ्या पायाचे टाके घातले आणि खुर्चीत बसले. वाट बघत नव्हते, बसले होते. खुर्ची दाराकडे तोंड करून आहे कारण तिकडे उजेड असतो.

आणि फोन वाजला! तिचाच! मी स्पीकर लावला, सुया उचलल्या, म्हटलं, बोल गं पोरी.

"आजी, जेवलीस ना? बरं, नंतर करते हं."

तेवढ्यात जेवढं झालं तेवढं झालं. मी टाके बंद केले. मापात फसवाफसवी मी आयुष्यात केली नाही. कोटाच्या बटणाएवढा पाय आहे. जाडजूड आहे पण. मूर्ती लहान, कीर्ती महान.

नंतर म्हणजे आजच असणार. जागी आहे अजून.

२६ फेब्रुवारी

काल झोप लागली असावी, त्यामुळे तिने केला असेल तर ऐकू आला नाही. फोनमधल्या बाईला विचारलं, कुणाचा फोन येऊन गेला का. म्हणाली, नाही. तिला काय माहीत असतं.

२७ फेब्रुवारी

चारही पाय शिवले. कापूस भरला. डोळे लावले, तपकिरी. सोंड जरा वर धरलेली, कुणी हाक मारल्यासारखी. कानात मी नेहमी थोडा जास्त कापूस घालते, पोरं चावतात म्हणून.

भिंतीला टेकून उत्तम उभा राहतो. भिंत कुठेही मिळते. काळजीचं कारण नाही.

संकल्प: उद्या नमुना पास झाला की नातीला आपणहून फोन करायचा आणि सांगायचं, मला हल्ली वेळ नसतो, तू फोनची सवय कमी कर.

२८ फेब्रुवारी

ताईच्या टेबलाजवळ भिंत नाही.

सगळ्या बायका गोळा झाल्या होत्या. ताईने हत्ती मध्यावर ठेवला. तो क्षणभर राहिला आणि बटणाच्या बाजूला आडवा झाला, सावकाश, म्हातारं माणूस कुशीवर वळतं तसा. ताईने उचलून परत ठेवला. परत आडवा. तिसऱ्यांदा ताईने हात काढलाच नाही, नुसता धरून ठेवला.

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर मी चार शब्द सुनावले असते, माझी तयारी होती. हत्ती लांबून चालत आलाय, दमलाय, असं काहीतरी.

मोजपट्टी पुढे आली. तिने तो बटणाएवढा पाय दोन बोटांत धरला. म्हणाली, "काकू, हा कधीचा?"

मी म्हटलं, "मंगळवारचा."

तिने पाय हळूच सोडला. मग ताईने मला बाजूला नेऊन चहा दिला आणि सांगितलं की नमुना आता दुसरीकडे देते, दुकानवाल्यांनी दोन दिवस वाढवून दिलेत. तुम्ही जरा विश्रांती घ्या आजी. कापसाकडे बसा थोडे दिवस. तिथे सोबतही असते बोलायला.

मी म्हटलं, बरं झालं, मीच म्हणणार होते. खिडकीजवळ ऊन फार लागतं.

हत्ती माझ्याकडे दिला. ऑर्डरमध्ये त्याचा उपयोग नाही. पिशवीत मावेना, सोंड बाहेर ठेवून घरी आणला. रस्त्यात लोक वळून बघत होते. आवडला असणार.

नातीला आपणहून फोन लावला होता. तिने उचलला नाही. कामात असेल.

१ मार्च

कापसाचं टेबल हे केंद्रातलं सगळ्यात जबाबदारीचं टेबल आहे, हे मला माहीत नव्हतं. जनावराच्या आत काय आहे ते सगळं आमच्या हाती. बाहेरची लोकर काय, कुणीही विणतं.

पण या टेबलावर कुणी बोलत नाही. तोंड उघडलं की कापूस जातो.

मोजपट्टीने हत्ती रात्रीतून पूर्ण केला. आज ताईने टेबलाच्या मध्यावर ठेवला तर खांबासारखा उभा. ताईने वर वजनाचं माप ठेवून बघितलं, तरी उभा. सगळ्या खूश. मीही टाळ्या वाजवल्या. चारही पाय अगदी सारखे. एकाही पायाला स्वतःचं असं काही सांगायचं नाही, पण उभा आहे हे खरं.

तिला म्हटलं, चांगला झालाय. ती म्हणाली, काकू, तुमची सोंड मला जमली नाही, ती शिकवा. जमली नाही कसली, व्यवस्थित जमली होती. मला बरं वाटावं म्हणून बोलत होती. खोटं बोलायचं तर जरा नीट बोलावं, दुसऱ्याला कळेल असं कशाला?

घरी आल्यावर पिशवीत तिची टेप सापडली. लाल दोरा बांधलेली.

३ मार्च

भुवया पांढऱ्या झाल्यात. आरशात बघून मलाच माझी आजी आठवली.

काल संध्याकाळी हत्तीचा बटणाचा पाय काढला. टेप घेतली, लाल दोऱ्यापर्यंत विणला. झाला. पहिल्या पायाच्या बरोबरीचा, अगदी तोच. काही अडलं नाही. कुणाचं बोलणं लागलं नाही, कुणाचा दिवस कसा गेला ते कळायची गरज पडली नाही.

पाय झाला आणि अख्खी संध्याकाळ तशीच उरली.

मग मी तो उसवला. तीन पायांचा हत्ती भिंतीला टेकून ठेवलाय, चौथ्याचे टाके सुईवर घालून ठेवलेत. तो आता ताईला द्यायचा नाही, दुकानात जायचा नाही. घरचा आहे. घरच्याला टेप कशाला.

आता पुढचं मी माझ्याशी बोलत नाही, तुझ्याशी बोलतेय, पोरी. बाणाचं चित्र दाबणार आहे. आजचं तेवढंच जावं असं वाटतं, पण हा फोन कसला ऐकतोय, आधीचं सगळं घेऊनच जाईल. गेलं तर वाचू नको. वाचलंस तर खोटं आहे असं समज. मला करमत नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही, शोधून बघ.

एवढंच काम आहे. ते पार्सल बंद कर. सूप, पाव काही नको. डबे फार झालेत घरात, लोकरसुद्धा म्हणते आता बास.

काही पाठवायचंच असेल तर सुके वाटाणे पाठव. हिरवे नाही, पांढरे, जुने, दगडासारखे टणक. भिजवलेले पाठवू नको. ते कसे शिजवतात ते मला येत नाही. हसू नको, जन्मभर स्वयंपाक केला म्हणजे सगळंच येतं असं नाही. तू फोनवर सांगायचं, आता पाणी घाल, आता झाकण ठेव, आता एक दाणा दाबून बघ. ते मऊ होईपर्यंत फोन ठेवायचा नाही, नाहीतर करपतील आणि दोष तुझ्यावर येईल. मध्ये वेळ जाईना तर तुझं काहीबाही सांगत बस, त्या चीज खाणाऱ्या मुलीचं सांग, बुटांचं सांग. मी ऐकते की नाही याकडे लक्ष देऊ नको, माझ्या हातात सुया असतील.

कुकरमध्ये लवकर होतात म्हणू नको. कुकर बिघडलाय. नसेल बिघडला तर तुझा फोन येईपर्यंत बिघडेल.

वाटाणे जास्तच पाठव.